एक बुडखा, एक शेंडा

"हा खड्डा कशाचा?" प्रमिलानं विचारलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. ती धुण्याची बादली घेऊन मागच्या दारात उभी होती आणि मी पहारीनं काळी माती उकरत होतो.

"बसायला करतो आहे."

"खड्ड्यात?"

"खड्ड्यात बांबू. बांबूवर छप्पर. छपराखाली बसायला."

तिनं बादली खाली ठेवली. "चिखलदऱ्याच्या बागेत होतं तसं? गोल?"

"आठ कोनांचं. लांबून गोल दिसतं."

"चंदाच्या साक्षगंधाला?"

"हो. बायकांना बसायला सावली होईल. तिची ओटी तिथंच भरा."

प्रमिला माझ्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून तिला तसला गोल मांडव हवा होता. चिखलदऱ्याला आम्ही एकदाच गेलो होतो, आणि तिथल्या बागेतल्या त्या छपराखाली ती एवढा वेळ बसली होती की परतीची गाडी चुकली. चंदा म्हणायची, आई, त्याला गझिबो म्हणतात. प्रमिला म्हणायची, म्हणू देत.

"हाताशी कोण येणार आहे?"

"कोणी नाही."

"एकटे? मांडव कोणी एकट्यानं घालतं का?"

"हा मांडव नाही."

"मग काय आहे?"

मी पहार उचलली.

*

आकृती १. अष्टकोन.
वर्तुळ काढा. परिघावर सारख्या अंतरावर आठ ठिपके द्या. ठिपके सरळ रेषांनी जोडा. वर्तुळ पुसा. मध्यभागी काही काढू नये.

*

मी परतवाड्याच्या नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. पण आमच्या गल्लीत मला मास्तर म्हणत ते त्यासाठी नाही. गल्लीत कोणी गेलं की पहिली हाक डॉक्टरला आणि दुसरी मला. तिरडी मी बांधायचो.

याची सुरुवात माझ्या वडिलांपासून. मी कॉलेजात होतो. ते गेले तेव्हा ज्यानं कोणी बांधली त्यानं सैल बांधली, आणि चौकाच्या वळणावर बांबूची एक कामटी निसटली. काकांनी खालून हात लावून सावरलं. पुढं गल्लीत कोणी गेलं की मी तिथं जाऊन उभा राहू लागलो, मग दोरी धरू लागलो, मग बांधू लागलो. कधी शिकलो ते सांगता येणार नाही. चांगली बांधायचो. माझी कधी निसटली नाही.

आमच्या गल्लीचे त्यातले रिवाज होते. 'अमक्याच्या घरी चला' अशी हाक गल्लीत कोणी गेलं तरच फिरायची. दोरी एकच, अखंड. मध्ये कापायची नाही. आणि ज्यानं बांधली त्यानं खांदा द्यायचा नाही. मी बांधायचो आणि बाजूला व्हायचो. "उचला," एवढं म्हणायचो. ते उचलायचे.

आत बायका रडत असत. ते मला शेजारच्या घरी रेडिओ लागल्यासारखं ऐकू यायचं. आधी तसं नसावं. पुढं पुढं झालं. मग ते फक्त त्या वेळेपुरतं राहिलं नाही. चंदाचं लग्न जमलं, दर्यापूरच्या लोकांनी होकार कळवला, तेव्हा प्रमिलानं माझ्या हातावर पेढा ठेवला.

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"चांगलं झालं? अहो, पोरीचं लग्न ठरलं. कापसाचा भाव नाही ठरला."

मी पेढा खाल्ला. गोड होता, हे मला कळलं.

*

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या गल्लीत लग्नाचा मांडव गल्लीच घालायची. कोणाला बोलवावं लागत नसे. बांबू आले की आपापल्या घरून माणसं यायची. दादाराव काळमेघच्या मुलाच्या लग्नात मीही गेलो. दादाराव माझ्या शेजारचा. पिठाची चक्की चालवायचा, बारा महिने पांढरा. मी दोरी उचलली, खांबाला एक वेढा दिला. दादाराव लगबगीनं आला आणि माझ्या हातातून दोरी काढून घेतली. अगदी हळू. लहान मुलाच्या हातातून काचेची वस्तू काढून घ्यावी तशी.

"मास्तर, तुम्ही बसा. चहा घ्या."

मी बसलो. चहा घेतला. दुसऱ्या एका घरी तेच झालं. तिसऱ्या घरी मी दोरीला हात लावला नाही. सरळ जेवायला जाऊ लागलो.

त्याचं मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. पण चंदाचं ठरलं तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली. तिच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला, माझ्या हातचं काहीतरी उभं असावं. पुढच्या अंगणात मांडववाल्यांचं कापड लागणारच होतं. पण मागं, सांदवाडीत, घरामागच्या त्या मोकळ्या जागेत, माझ्या हातचं काहीतरी असावं. जिच्या ओटीत नारळ पडायचा ती पोरगी त्याच्याखाली बसावी. इतकंच.

आणि कोणी "तुम्ही बसा" म्हणायला नको, म्हणून एकट्यानं.

*

"बांबू पाहिजेत," मी दुकानदाराला म्हणालो. "आणि काथ्याची दोरी. मोठं वेटोळं."

दुकानदारानं गल्ल्यावरून उठून आधी डोक्यावरची टोपी काढली. "कोन गेलं, मास्तर?"

"कोणी नाही."

"नाही म्हंजे… आजारी आहे काय कोनी?"

"बसायला करतो आहे. घरामागं. आठ बांबू खांबांना, बाकीचे वरच्या कामाला."

"आठ," तो म्हणाला. त्यानं बांबू काढून दिले, दोरी दिली. मग जरा घुटमळला. "मडकं नको न?"

"नको."

"सवयीनं इचारलं, मास्तर. राग नका मानू."

*

आकृती २. खांब.
खड्डा गुडघाभर. तळाशी विटांचे तुकडे. खांब ओळंब्यात. माती घालताना कुटत जाणे.

आकृती ३ काढली नाही. त्या दिवशी ऊन फार होतं.

*

एकट्यानं करायचं काम वेगळं असतं. एक टोक बांधायचं असेल तर दुसरं टोक कोणीतरी धरायला हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे दगड, स्टूल, दाराची कडी, आपलाच पाय. खांब उभा करताना मी तो पोटाशी धरायचो आणि पायानं माती लोटायचो. सकाळी काम, दुपारी पडवीत पडून राहायचं, ऊन कललं की पुन्हा काम. बांबू उचलला की हात त्याला आपोआप फिरवून घेत. मी हातांकडे लक्ष देत नव्हतो. त्यांना माझी गरज नव्हती.

भिंतीवरून दादारावचं पांढरं डोकं वर आलं.

"काय करून राह्यले, मास्तर?"

"बसायला."

"मोठं दिसते."

"आहे जरा."

"धाडू काय कोनाले? चक्कीवरचे पोट्टे रिकामेच असतात सांजच्यापारी."

"नको."

तो "बरं" म्हणाला, आणि मला वाटलं त्याला सुटल्यासारखं झालं. डोकं खाली गेलं.

आठ खांबांच्या माथ्यावर मी बांबूंचं कडं बांधलं. मध्ये एक टेकूचा बांबू उभा करून त्याच्या शेंड्यापासून कड्यापर्यंत वासे सोडले. वाशांवर कामट्या, कामट्यांवर तुराट्या, तुराट्यांवर गवत. स्टुलावर चढायचो, एक वेढा द्यायचो, उतरायचो, स्टूल सरकवायचो, चढायचो. खांब आणि कडं यांना धरणारी दोरी सगळी एकच होती. पहिल्या खांबापासून निघाली ती आठही खांबांना घेत पुन्हा पहिल्याशी आली. वासे वरून एकमेकांत अडकून बसले तसा मधला टेकू काढला, फोडला, आणि त्याच्याच पट्ट्यांचं आत बसायला बाक केलं. छप्पर आपल्या जागी राहिलं.

मी खाली उभं राहून वर बघितलं. मला काय वाटायला हवं होतं ते माहीत होतं.

*

"बाबा."

"हं."

"मी गेल्यावर तुम्हाला करमेल?"

"करमेल."

"असं म्हणायचं नसतं."

"मग काय म्हणायचं असतं?"

"नाही करमणार, म्हणायचं."

"नाही करमणार."

"आता उशीर झाला."

"बरं."

"बाबा, तुम्ही हे माझ्यासाठी करता आहात ना?"

"तुझ्या आईला हवं होतं."

"आणि?"

"ती कामटी दे जरा."

*

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी प्रमिलानं आतली जमीन सारवली, बाकावर सतरंजी घातली आणि कड्याला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. मग गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, गिरजामायला, हाताला धरून घेऊन आली. आधी मोठ्या माणसानं बसावं, म्हणून.

गिरजामाय आत गेली नाही. काठी टेकून ती एका खांबापाशी थांबली. खांबाला खालून वर हात लावला. मग दुसऱ्या खांबापाशी गेली. मग तिसऱ्या. पूर्ण फेरी घातली. तिला कमी दिसायचं, सगळं हातानं बघायची सवय होती.

"वासू," ती म्हणाली. "माह्या नवऱ्याची तूच बांधली होती न?"

प्रमिलाचा चेहरा उतरला. "आजच्या दिवशी कशाला ते, गिरजामाय?"

"बांधली होती ना रे?"

"हो."

"मी पाह्यली होती बांधताना. बाया आत रडत होत्या अन् मी दाराच्या फटीतून पाहत होती. मले वाटलं, पाहून तर घ्यावं कशावर जाते माहा माणूस." तिनं पुढच्या खांबावर काठी आपटली. "एका बांबूचा बुडखा डोक्याकडं. एकाचा पायाकडं. काहून तसं करतात?"

"बांबू बुडाला जाड असतो," मी म्हणालो. "दोन्ही बुडखे एकीकडं आले तर त्या बाजूच्या खांद्यांवर जास्त वजन येतं. म्हणून एक असा, एक तसा."

"अन् मांडोचा खांब?"

तिनंच सांगितलं.

"मांडोचा खांब जसा वाढला तसाच उभा राह्यते. बुडखा जमिनीत, शेंडा आभाळात. हे लहान पोरालेबी कळते." तिनं काठीनं एकेक खांब दाखवत नेला. "हा बुडखा. हा शेंडा. हा बुडखा. हा शेंडा. आठ बांबू नाही लावले तू, वासू. चार तिरड्या उभ्या केल्या."

मी खांबांकडं बघितलं. ते तसेच होते. एक खांब खाली जाड, वर निमुळता. त्याच्या शेजारचा खाली निमुळता, वर जाड. बांबूच्या पेरावर जिथं पान धरतं तिथली खूण एका खांबावर आभाळाकडं तोंड करून होती, पुढच्या खांबावर जमिनीकडं. आठही खांबांवर आलटून पालटून. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की काढण्याआधी बघा.

हातांनी केलं होतं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

"पाडा," प्रमिला म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आत्ताच्या आत्ता पाडा. माझ्या पोरीला मी याच्याखाली नाही बसवणार."

"पाडतो," मी म्हणालो आणि कोयता आणायला वळलो. खरंच मला काही वाटलं नाही. उभं केलं, आता पाडायचं. भिंतीपाशी चंदा होती. ती केव्हा आली ते मी बघितलं नव्हतं. तिनं कोयता उचलून पाठीमागं धरला.

"दे."

"नाही."

"चंदा, उलटं आहे ते."

"मग सुलटं करा."

"होत नाही. दोरी एकच आहे. एक खांब सोडवायचा तर सगळी दोरी सुटते. कापली तरी तेच. छप्पर खाली येणार. ते तेवढा वेळ कोणीतरी धरायला पाहिजे. चहूबाजूंनी."

"मग धरायला बोलवा ना कोणाला!"

कोणाला बोलवायचं आणि काय म्हणून, हे मला माहीत नव्हतं. त्या गल्लीत इतकी वर्षं प्रत्येकानं मला हाक मारली होती. मी कोणाला मारलेली आठवत नव्हती.

"पाडतो म्हणे," गिरजामाय म्हणाली. "साक्षगंधाच्या आदल्या दिवशी उभं केलेलं पाडते काय कोनी?" ती काठी टेकत टेकत घरातून पुढच्या दारी गेली. आम्हाला वाटलं चिडून घरी चालली. मग गल्लीतून तिचा आवाज आला. एवढ्याशा अंगातून तो कसा निघाला कोण जाणे.

"मास्तरच्या घरी चला रेऽऽ! मास्तरच्या घरी चला!"

*

आकृती ४. हाक.
(चौकट रिकामी ठेवावी.)

*

पुढच्या दारातून कोणी आलं नाही. सगळे बोळातून थेट मागं आले, कारण अशा वेळी पुढच्या दारात बायका असतात.

दादाराव पहिला. चक्की चालू ठेवूनच आला असावा, तिची घरघर भिंतीपलीकडून येत होती. डोक्यापासून पायापर्यंत पीठ, खांद्यावर टॉवेल. त्याच्या मागं चक्कीवरचे दोघे. मग सायकलचं दुकान असलेला सुखदेव, पायात चपला नाहीत. मग आणखी. सगळ्यांनी डोक्यावरचं काढलेलं होतं. एकानं येताना घरून दोन बांबू उचलून आणले होते आणि ते कुठं ठेवावे हे न कळून तो ते धरूनच उभा होता.

ते मला बघत होते, मग प्रमिलाला, मग चंदाला. आमच्या घरात तिघंच. तिघंही समोर उभी. त्यांचा हिशोब लागत नव्हता.

दादाराव पुढं आला. माझा दंड धरला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही बसा. आज आम्ही बांधतो."

त्यानं दंड सोडला नाही.

"जमन तसं बांधतो. तुमच्यासारखं नाही जमनार. पन तुम्ही हात लावू नका आज."

"दादाराव," मी म्हणालो, "कोणी गेलं नाही."

"म्हंजे?"

"कोणी गेलं नाही. हे खांब उलटे लागले आहेत. सुलटे करायचे आहेत. छप्पर धरायला माणसं पाहिजेत."

कोणीतरी हातातले दोन बांबू सोडून दिले. ते खडखड करत खाली पडले. चक्कीवरचा एक पोरगा हसला आणि लगेच थांबला. दादारावनं टॉवेलनं तोंड पुसलं. पिठाचा लगदा झाला.

"मग हाक अशी काहून मारली, गिरजामाय? माह्या छातीत धडधड होऊन राह्यली अजून!"

"दुसऱ्या हाकेनं आले असते काय तुम्ही?" गिरजामाय म्हणाली.



*

कड्याच्या प्रत्येक बाजूला एक माणूस, असं मी त्यांना उभं केलं. आठ बाजू. कडं खांद्यापेक्षा थोडं वर होतं, म्हणून त्यांनी पायाखाली विटा घेतल्या आणि खांद्यावर टॉवेलाची घडी. सांगावं लागलं नाही. खांद्याला किती जाड घडी लागते हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वजन घेताना कोण पुढं झुकतो, कोण मान वाकडी करतो, हे मलाही ठाऊक होतं. मी त्यांना पुष्कळदा बाजूला उभं राहून बघितलं होतं.

सात जण झाले. ज्यानं बांबू आणले होते त्याची पाठ धरलेली होती. त्याला आणि दोघा म्हाताऱ्यांना नको म्हटलं. आठवी बाजू रिकामी राहिली.

"मी धरते," चंदा म्हणाली.

प्रमिलानं तिचा हात धरला. "तू नाही. उद्या साक्षगंध आहे तुझं. अन् बाया नाही देत खांदा."

"हा खांदा कुठं आहे, आई? छप्पर आहे."

सगळे तिच्याकडं बघत होते. ती आठव्या बाजूखाली गेली. विटांवर चढूनही तिचा खांदा पोचेना, तेव्हा तिनं दोन्ही हातांचे तळवे कड्याला लावले. हातात आईनं सकाळी घातलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या कोपरापर्यंत घसरल्या.

मी दोरीची गाठ सोडली. पहिला वेढा सुटला, दुसरा. गवत सळसळलं आणि सगळं वजन त्यांच्यावर आलं.

"आलं," सुखदेव म्हणाला.

मी पहिला उलटा खांब उपटला. फिरवला. बुडखा खड्ड्यात सोडला, माती लोटली, कुटली. दादारावच्या बाजूला होता तो खांब. त्याच्या नाकासमोर मी काम करत होतो.

"दादाराव," मी म्हणालो. माती कुटता कुटताच विचारलं. ते आधीच विचारायला हवं होतं की नाही, माहीत नाही. "मांडवाच्या वेळी माझ्या हातून दोरी का काढून घेता?"

त्याच्या डोक्यावर छप्पर, जायला जागा नाही.

"असंच विचारतो आहे," मी म्हणालो.

"मास्तर, तुमच्या हातात दोरी पाह्यली का मले माय दिसते," तो म्हणाला. "तिच्या पायाशी तुम्ही शेवटची गाठ मारली अन् तिचा अंगठा पदरात झाकला. उघडा राह्यला होता. कोनाच्या ध्यानात नव्हतं आलं, तुमच्या आलं. ते हात पाह्यले का ते दिसते. पोराच्या लग्नात मले रडू आलं असतं, मास्तर. म्हनून घेतली काढून."

त्याच्या पलीकडं सुखदेव होता. तो खाली जमिनीकडं बघून म्हणाला, "माह्या भावाचं बी तसंच."

अंगठ्याचं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

मी दुसरा खांब फिरवला. तिसरा. चौथा चंदाच्या बाजूचा होता. तिचे हात ताठ वर होते आणि ती ओठ चावून छपराकडं बघत होती. मी माती कुटली. मग दोरी घेतली, पहिल्या खांबाला वेढा दिला, ओढली, आणि तीच दोरी पुढच्या खांबाकडं न्यायला लागलो.

माझ्या मनगटावर काठी बसली.

"काप," गिरजामाय म्हणाली.

"गिरजामाय, दोरी…"

"काप म्हन्लं न. हा बांधला, झाला. पुढच्याचं पुढच्याले."

कोयता चंदानं मघाशी भिंतीशी टाकला होता. मी तो आणला. दोरी खांबावर टेकवली. इतक्या वर्षांत मी कधी दोरीवर पातं ठेवलं नव्हतं. काथ्या चिवट असतो, एका घावात तुटला नाही. दुसऱ्या घावात तुटला. दोन टोकं झाली. एक माझ्या हातात राहिलं आणि एक खांबाला.

त्यानंतर प्रत्येक खांबापाशी बांधलं आणि कापलं. आठ वेगवेगळ्या गाठी. पहिल्या दोन ओबडधोबड झाल्या, मुलांच्या चित्रांसारख्या. शेवटच्या बऱ्या झाल्या.

"झालं," मी म्हणालो. "सोडा."

कोणी सोडलं नाही.

मी छपराखाली मध्ये उभा होतो. आकृतीत जिथं काही काढू नये असं मीच लिहिलं होतं, तिथं. भोवती सगळीकडून ती माणसं, त्यांच्या मानेच्या शिरा, पिठाचा आणि घामाचा वास, चंदाच्या बांगड्या. मी नेहमी "उचला" म्हणून बाजूला होत आलो होतो. "सोडा" मी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"सोडा ना," मी पुन्हा म्हणालो. "उभं आहे आता. पडणार नाही."

प्रमिला पुढं बरीच वर्षं सांगायची, की तेव्हा माझा आवाज मध्येच फुटला आणि मी खाली बसलो, सारवलेल्या जमिनीवर, दोन्ही हात पुढं ठेवून. ती म्हणते म्हणजे बसलो असेन. मला एवढंच आठवतं की एकाएकी सगळे उंच झाले होते, आणि दादाराव डोकं कलतं करून वरून माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या गालावरच्या पिठातून एक ओली रेघ खाली आली होती.

"सोडा रे," मी म्हणालो.

"राहू दे, वासू," बाहेरून गिरजामाय म्हणाली. "धरू दे त्याइले जरासं. जड नाही काही."